ज्या गुन्ह्यात रहस्य नसते

रहस्यकथेकडे आपल्या समीक्षेने कधी गंभीरपणे पाहिले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी सामान्य मराठी माणसाला वाचायची सवय लावली. परंतु वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळींपलीकडे काही आले नाही. दूरचित्रवाणीवरील मालिकांची तर गोष्टच नको. लाखो माणसे जे वर्षानुवर्षे पाहतात ते आपल्या चिंतनाचा विषय होत नाही, कारण चिंतन करणारा वर्ग वेगळा आणि पाहणारा वर्ग वेगळा असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. मी पाहणाऱ्या वर्गातून आलो आहे. माझ्या आधी आमच्या घरातले कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. घरात पुस्तक नव्हते. पण वस्तीत एका घरी टीव्ही होता आणि त्यावर ‘सीआयडी’ लागत असे. दाराबाहेर ओट्यावर दाटीवाटीने बसून आम्ही ती पाहिली आहे. तेव्हा या मालिकेविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी ही मालिका सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबली. वीस वर्षे, दीड हजारांहून अधिक भाग. निर्माते बी. पी. सिंग यांनी त्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती, आणि तिच्यातले शिवाजी साटम पुढे ‘सीआयडी’चे एसीपी प्रद्युमन झाले. बँकेत नोकरी करता करता रंगभूमीवर उभा राहिलेला हा नट. त्याच्या हिंदीतून मराठी डोकावते, म्हणून तो आम्हांला आपला वाटे. ७ नोव्हेंबर २००४ रोजी एकशे अकरा मिनिटांचा एक भाग मधे कुठेही न थांबता, एकाच सलग चित्रणात दाखवला गेला आणि त्याचा विक्रम झाला. २१ डिसेंबर २०२४ रोजी मालिका पुन्हा सुरू झाली. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

मालिकेची बांधणी सर्वांना ठाऊक आहे. प्रेत सापडते. प्रद्युमन बोटे फिरवीत काहीतरी गडबड असल्याचे सांगतात. दया दार तोडतो. डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत नळीत नळी ओततात, रंग बदलतो आणि विषाचे नाव कळते. तीन-चार संशयित येतात, ज्याच्यावर संशय नसतो तोच खुनी निघतो, त्याच्या कानशिलात बसते आणि तो सगळे सांगून टाकतो. शेवटी त्याला फाशी होणार हेही एसीपीच सांगतात. न्यायाधीश नाही, वकील नाही, साक्षीदाराची उलटतपासणी नाही.

या मालिकेने काहीच चांगले केले नाही असे मी म्हणणार नाही. कित्येक भागांत भूत दिसायचे, भुताने माणसे मारल्याची बोंब व्हायची आणि शेवटी त्या भुताच्या पांढऱ्या कपड्यांतून कोणीतरी वारस किंवा भागीदार बाहेर यायचा. अंगात येणे आणि करणी यांच्या पगड्याखालच्या वस्तीत हा धडा लहान नव्हता. दुसरे असे की, दयाची थप्पड बहुधा बंगल्यात राहणाऱ्याच्या गालावर पडे. मोटारवाला, कारखानदार, इस्टेटीचा मालक. आमच्या ओट्यावर त्या वेळी जो आनंद पसरायचा तो केवळ करमणुकीचा नव्हता. साहेब लोकांना कोणी हात लावलेला आम्ही प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा, शिकवायला लागल्यावर जाणवली. दया, अभिजीत, फ्रेडरिक्स, विवेक, सचिन, पूर्वी, श्रेया – या पोलिसांना आडनावे नाहीत. एकट्या साळुंख्यांना आडनाव आहे, तर त्यांचे नाव आपल्या कानी पडत नाही. हिंदी मालिकांची ही रीतच म्हणा; पण आपल्या देशात आडनाव पुसणे म्हणजे काय पुसणे, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात पहिला प्रश्न ‘काय झाले?’ हा नसतो. ‘पूर्ण नाव सांग’ हा असतो. उत्तर ऐकून साहेबांचा आवाज वर जायचा की खाली, ते ठरते.

परंतु माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. रहस्यकथा उभी राहते ती एका गृहीतावर: गुन्हा घडला हे सर्वांना मान्य आहे, फक्त तो कोणी केला हे कोणालाच ठाऊक नाही. दलितावरील अत्याचाराची रचना नेमकी याच्या उलट असते. कोणी केले हे सगळ्या गावाला ठाऊक असते. गुन्हा दिवसाढवळ्या, चावडीसमोर, लोकांच्या देखत होतो; पुष्कळदा तो लोकांनी पाहावा म्हणूनच केलेला असतो. जे सिद्ध करायचे असते ते हे की, गुन्हा घडला. ज्या गुन्ह्यात रहस्यच नाही त्यात गुप्तहेराचे काय काम? तिथे हवा असतो तो लिहून घेणारा माणूस.

मी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकदा ‘गुन्ह्याचा तपास कसा होतो’ यावर पानभर लिहायला सांगितले होते. बहुतेकांच्या पानावर प्रेत, बोटांचे ठसे, प्रयोगशाळा आणि कबुली हाच क्रम होता. ज्या एका मुलीच्या घरावर प्रत्यक्ष प्रसंग गुदरला होता, तिची सुरुवात अशी होती की, आम्ही सकाळी नऊ वाजता ठाण्यात गेलो आणि सायंकाळपर्यंत बाकावर बसलो.

त्या बाकाजवळ काय घडते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असले तरी विद्यार्थ्यांसाठी सांगतो. गुन्हे दोन प्रकारचे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात. अदखलपात्रात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत. डोके फुटले असले तरी ‘किरकोळ मारहाण’ असे लिहिले की प्रकरण अदखलपात्र होते. ‘एनसी घेतली’ असे ठाण्याच्या भाषेत म्हणतात. एका चिठ्ठीवर शिक्का मारून मिळतो आणि तपास जन्माआधीच मरतो. माझ्या चुलत्याला शेतरस्त्यावरून जातिवाचक शिव्या देऊन मारले, तेव्हा त्याच्या हाती हीच चिठ्ठी आली. त्याला ती एफआयआर वाटली. त्याने ती बरेच दिवस पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. दुसरा मार्ग उलट फिर्यादीचा: आपला माणूस तक्रार द्यायला गेला की, समोरच्याकडून चोरीची किंवा विनयभंगाची तक्रार तत्परतेने लिहून घेतली जाते आणि मग ‘दोन्ही बाजूंनी मिटवून घ्या’ असा सल्ला येतो.

कायदा असे सांगत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली स्पष्ट केले. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्याने नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकाकडे टपालाने पाठवता येते. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाला त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने शिक्षा आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखाली आधी प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली, तेव्हा देशभर लोक रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी संसदेला १८-अ हे कलम घालून ती चौकशी गरजेची नाही असे म्हणावे लागले. त्या वर्षीचा सगळा झगडा एफआयआरच्या कागदासाठी होता. ‘सीआयडी’च्या भागांत हा कागद लिहिला जाताना मी पाहिलेला नाही.

आता हेतूविषयी. मालिकेत खुनामागे इस्टेट असते, प्रेम असते, सूड असतो, जुना अपमान असतो. मी पाहिलेल्या भागांत जात हा हेतू कधी निघाला नाही. हे केवळ पटकथाकारांचे अज्ञान असते तर सोडून दिले असते. पण न्यायालयांनाही हा हेतू सहजी दिसत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पहिल्या शवविच्छेदनावर इतके आक्षेप आले की पुरलेली प्रेते उकरून ते पुन्हा करावे लागले. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, सहांना फाशी सुनावली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली आणि तो कायदा याही वेळी बाहेरच राहिला. जुने वैर, सूड, एवढेच न्यायालयांना दिसले. आरोपी सापडले, शिक्षाही झाली; हरवले ते गुन्ह्याचे नाव. कायद्याची जुनी शब्दरचना अशी होती की, गुन्हा ‘ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे या कारणावरून’ केला हे फिर्यादी पक्षाने दाखवावे. जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, ती व्यक्ती त्या जातीची आहे हे आरोपीला ठाऊक असणे गंभीर गुन्ह्यांपुरते पुरेसे मानले. हा बदल घडायला किती प्रेते खर्ची पडली याचा हिशेब कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.

थप्पड हा मालिकेचा सर्वांत लोकप्रिय प्रसंग, आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. इंग्रजांना दया आली म्हणून ती घातली गेली असे कोणी समजू नये. ठाण्यात कबुल्या कशा काढल्या जातात, हे त्यांच्याच मद्रासच्या छळ चौकशी आयोगाने १८५५ साली लिहून ठेवले होते. स्वतंत्र भारताच्या संविधानाने तर कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही, असा मूलभूत हक्क दिला. बाबासाहेबांच्या मसुद्यातून आलेला हा हक्क बंगल्यातल्या खुन्यासाठी जेवढा आहे तेवढाच पालावरच्या पारध्याच्या पोरासाठी आहे. फरक इतकाच की, प्रत्यक्षात थप्पड पालावर पडते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना १९५२ साली ‘विमुक्त’ म्हटले गेले. पण चोरी झाली की गाडी आजही प्रथम त्यांच्याच वस्तीकडे वळते. दयाने दार तोडले की प्रेक्षक टाळी देतो. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र बंद झाला आणि मग वस्त्यावस्त्यांतून ‘कोंबिंग’ झाले. त्या रात्री ज्यांची दारे वाजली त्यांना त्या टाळीचा अर्थ निराळा लागतो.

मालिका जिथे घडते त्या मुंबईतच, ती सुरू होण्याच्या सहा महिने आधी, ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. पडद्यावरची मुंबई पुढे वीस वर्षे खुनांचा शोध घेत राहिली. या दहा मृत्यूंत शोधायचे काहीच नव्हते, कोणाच्या बंदुका होत्या ते सर्वांनी पाहिले होते.

आता ती राखून ठेवलेली तारीख. खऱ्या सीआयडीचे, म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे, मुख्यालय मुंबईत नसून पुण्यात आहे. या विभागाकडे जी कामे येतात त्यांत एक महत्त्वाचे काम कोठडीत झालेल्या मृत्यूंच्या तपासाचे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ आणि मग अटका झाल्या. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता: वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. सहा दिवसांनी, २१ डिसेंबरला, ‘सीआयडी’ पुन्हा सुरू झाली.

हा योगायोग आहे, त्यातून मी कोणताही कट काढत नाही. मला त्यापुढचा क्रम महत्त्वाचा वाटतो. सोमनाथच्या बाबतीत डॉ. साळुंख्यांचे काम झाले होते. प्राथमिक शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदले गेले. प्रकरण खऱ्या सीआयडीकडेही गेले. तरी पोलिसांविरुद्ध एफआयआर नव्हती. ती नोंदवा, असे सांगायला जुलै २०२५ मध्ये, त्याच्या आईच्या याचिकेवर, उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ लागले. त्या आदेशाविरुद्ध राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे शासनाचे म्हणणे फेटाळले गेले.