बाप्पाची माती, घराची माती

आमच्या म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी बाहुल्या मांडतात. त्याला 'गोंबे हब्ब' म्हणतात. त्यात मान असतो 'पट्टद गोंबे'चा, म्हणजे राजा-राणीच्या लाकडी जोडीचा. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. सण संपला की बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत जातात आणि पुढच्या वर्षी त्याच बाहेर येतात. दरवर्षी सगळ्याच नव्या घ्यायच्या, असं कुणाच्या मनातही येत नाही.

गणपतीचं तसं नाही, त्याला निरोप द्यावाच लागतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नको, हे आता बहुतेकांना पटलंय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंही २०२० च्या सूचनांमध्ये तेच सांगितलंय. मग शाडूची मूर्ती आणली की आपण निश्चिंत होतो. पण शाडूही खाणीतूनच काढतात, आणि महाराष्ट्रात ती बरीचशी गुजरातहून येते. हजारो मूर्तींची ही बारीक माती एकाच तळ्यात गेली, तर तळाशी गाळाचा थर बसतो.

खरं तर न भाजलेली माती कितीही वेळा भिजवून पुन्हा वापरता येते. पुण्यात 'पुनरावर्तन' नावाच्या उपक्रमात विसर्जनानंतरची शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. घरीही हे सहज जमतं. आधी हार, दोरे, दागिने काढून घ्या. मूर्ती बादलीत विसर्जित करा. माती तळाशी बसली की वरचं पाणी हलकेच ओतून टाका आणि गाळ सुती कापडावर वाळवा. तो डब्यात ठेवा. पुढच्या वर्षी मुलांना याच मातीचा गणपती करू द्या. बरेच जण ही माती तुळशीच्या कुंडीत ओततात. भावना चांगली आहे, पण शाडू घट्ट बसते, पाणी झिरपत नाही आणि तुळस बिचारी कोमेजते!

हीच युक्ती आपल्या जुन्या घरांत होती. गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात आणि शेतजमिनीला 'काळी'. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून भिंतींना पांढरी माती. भिंत पडली तर तीच माती कालवून नवी भिंत उभी राहायची.

आज घर बांधताना पायाची माती आपण ट्रकनं बाहेर पाठवतो आणि भाजलेल्या विटा विकत आणतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' हा गट सुरू झाला. त्यानं मातीच्या दाबलेल्या विटांवर बरंच काम केलं. माती, वाळू आणि साधारण पाच ते आठ टक्के सिमेंट यंत्रात दाबायचं, मग तीन-चार आठवडे पाणी मारायचं. भट्टी लागतच नाही. मात्र जोतं उंच हवं आणि छप्पर भिंतीच्या बाहेर आलेलं हवं. पावसाशी मातीचं वैर जुनंच आहे.

तुमच्या प्लॉटची माती चालेल का? काचेच्या बाटलीत थोडी माती आणि पाणी घालून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवून द्या. वाळू खाली बसेल, चिकणमाती वर. वाळूचा थर जाड दिसला, तर ट्रक बोलावण्याआधी एकदा इंजिनिअरला ती बाटली दाखवा.