विश्लेषण : स्कूबा डायव्हिंगमध्ये शिशाची वजने कशासाठी? जॅकेट आणि वजनांचा हिशेब कसा जुळवतात?

पाण्याखाली ना बुडायचे, ना वर यायचे, हे साधण्यासाठी डायव्हर हवेचे जॅकेट आणि शिशाची वजने एकाच वेळी वापरतो. या दोन्हींचा मेळ चुकला तर काय होते आणि तो कसा घालावा, याविषयी…

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्या पर्यटकाला या गोष्टींचा विचार करावा लागत नाही. प्रशिक्षक त्याला धरूनच खाली नेतो. जॅकेटचे बटण प्रशिक्षकाच्या हातात असते आणि कमरेला किती शिसे बांधायचे हेही तोच ठरवतो. मात्र रीतसर कोर्स करून सोबत्याबरोबर डाइव्ह करायची ठरवली की हा हिशेब स्वतःलाच करावा लागतो. नवशिक्यांची सर्वाधिक गल्लत होते तीही इथेच.

बीसीडी म्हणजे काय?

स्कूबाच्या जॅकेटला ‘बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस’, म्हणजेच ‘बीसीडी’ म्हणतात. यात हवा भरणारी एक पिशवी असते आणि ती नळीने पाठीवरच्या सिलिंडरला जोडलेली असते. एक बटण दाबले की हवा आत येते, दुसरे दाबले की बाहेर जाते. सिलिंडर पाठीवर धरून ठेवण्याचे कामही हेच जॅकेट करते. (या सिलिंडरमध्ये निव्वळ प्राणवायू असतो असा सर्रास समज आहे. सर्वसाधारण डाइव्हमध्ये त्यात गाळून दाबलेली साधी हवाच असते.) १९४३ मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ तयार केले, तेव्हा असे जॅकेट नव्हते. गळ्यात अडकवायच्या हवेच्या पिशव्या १९६० च्या दशकात आल्या आणि त्यांतूनच पुढे आजचे जॅकेट विकसित झाले.

मग वजने कशाला?

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार शरीर जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे प्लावक बल त्याला वर ढकलते. फुप्फुसांत हवा असताना बहुतेक माणसे समुद्रात तरंगतात. त्यात वेटसूटच्या निओप्रीनमध्ये वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात, त्यामुळे तोही तरंगतो. हे वर ढकलणारे बल मोडण्यासाठी शिसे लागते. वजने खाली नेतात, जॅकेटमधली हवा वर ढकलते आणि दोन्ही समसमान झाले की डायव्हर अधांतरी राहतो.

जास्त वजन घेतले तर काय बिघडते?

‘थोडे जास्त घेतले की लवकर खाली जाता येते’ हा मोह नवशिक्यांना असतो. पण वाढीव प्रत्येक किलोसाठी जॅकेटमध्ये साधारण एक लिटर जास्त हवा भरावी लागते आणि धोका या हवेतच आहे. पृष्ठभागावर दाब सुमारे १ बार असतो, १० मीटरवर २ बार आणि २० मीटरवर ३ बार. दाब कमी झाला की हवा फुगते.

एक उदाहरण पाहू. वजन अचूक असलेल्या डायव्हरच्या जॅकेटमध्ये १० मीटरवर ३ लिटर हवा आहे. तीन किलो शिसे जास्त घेतलेल्या दुसऱ्याच्या जॅकेटमध्ये ६ लिटर. दोघेही नकळत ५ मीटरपर्यंत वर आले, तर दाब १.५ बारवर येतो. पहिल्याची हवा ४ लिटर होते, दुसऱ्याची ८ लिटर. म्हणजे पहिल्याला वर ढकलणारे बल १ किलोने वाढले, तर दुसऱ्याचे २ किलोने. वर जावे तशी हवा फुगते आणि हवा फुगली की वेग वाढतो. वेळीच हवा सोडली नाही तर डायव्हर बुचासारखा पृष्ठभागावर फेकला जातो. वर येण्याचा सुरक्षित वेग मिनिटाला साधारण ९ मीटर मानतात. त्याहून झपाट्याने आणि श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसे फाटू शकतात किंवा हवेचा बुडबुडा रक्तात शिरून जिवावर बेतू शकते.

उलट बाजूही आहे. वजन जास्त असलेला डायव्हर जॅकेटमध्ये हवा न भरताच खोल गेला, तर त्याचा वेटसूट दाबाने आकसतो. सूटचे तरंगणे कमी होते आणि तो आणखी वेगाने खाली जातो. शिवाय जास्त वजनाचा डायव्हर डोके वर, पाय खाली असा तिरका पोहतो. त्याची दमछाक होते आणि हवाही लवकर संपते.

योग्य वजन कसे ठरवतात?

तीन मिलिमीटरच्या वेटसूटसाठी शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के, हा ढोबळ अंदाज. ७० किलोच्या व्यक्तीसाठी तो साडेतीन किलो होतो. पण ही केवळ सुरुवात. शरीराची ठेवण, सूट आणि सिलिंडर यांनुसार आकडा बदलतो, म्हणून खरी चाचणी पाण्यातच होते.

संपूर्ण सामग्री घालून, पाय न हलवता उभ्याने तरंगायचे. जॅकेटमधली हवा पूर्ण सोडायची आणि नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबायचे. पाणी डोळ्यांच्या पातळीला आले आणि श्वास सोडल्यावर शरीर सावकाश खाली गेले, तर वजन योग्य. श्वास आत असतानाच बुडायला लागले, तर वजन जास्त.

यातला महत्त्वाचा मुद्दा सिलिंडरचा. सर्वत्र दिसणाऱ्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे अडीच किलो हवा असते. डाइव्ह संपेपर्यंत त्यातली बहुतेक हवा वापरली जाते, म्हणजे डायव्हर जवळपास दोन किलोंनी हलका होतो आणि रिकामा ॲल्युमिनियम सिलिंडर स्वतःच तरंगू लागतो. त्यामुळे भरलेल्या सिलिंडरने चाचणी घेतली असेल तर सुमारे दोन किलो वाढवतात. डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार असताना, जॅकेट रिकामे ठेवून ५ मीटरवर तीन मिनिटे स्थिर थांबता आले, तर हिशेब जमला असे समजावे.

पुण्याच्या तलावातले वजन मालवणात का चालत नाही?

अनेकांचे पहिले धडे शहरातल्या पोहण्याच्या तलावात होतात. गोड्या पाण्याचा एक लिटर एक किलो भरतो, समुद्राचा साधारण १.०२५ किलो. फरक अवघा अडीच टक्के. पण डायव्हर आणि सामग्री मिळून ९५ किलो असतील, तर समुद्रात सुमारे २.४ किलो वजन जास्त लागते. तलावातला आकडा घेऊन समुद्रात उतरणारा खालीच जात नाही. समुद्रातला आकडा घेऊन तलावात उतरणारा तळाला टेकतो.

जॅकेट कोणते निवडावे?

जॅकेट पद्धतीत हवा पाठ आणि दोन्ही बगलांत भरते. पृष्ठभागावर ते उभे तरंगत ठेवते, म्हणून शिकणाऱ्यांना सोयीचे. ‘विंग’ पद्धतीत हवा फक्त पाठीमागे असते. पाण्याखाली आडवे पोहणे सोपे जाते, पण पृष्ठभागावर ते पुढे झुकवू शकते.

प्रकारापेक्षा माप महत्त्वाचे. वेटसूट चढवून जॅकेट घालावे, पट्टे आवळावेत आणि ते पूर्ण फुगवावे. छाती आवळून श्वास अडत असेल तर माप लहान. खांद्यावरून वर सरकत असेल तर मोठे. सारी बटणे न बघता हाताला लागली पाहिजेत. जॅकेट किती किलो उचलते हेही पाहावे. पण उबदार पाण्यात पातळ सूट घालणाऱ्याला फार मोठ्या पिशवीची गरज नसते. बहुतेकांना सुरुवातीला भाड्याचे जॅकेट पुरते. मात्र दरवेळी नवे जॅकेट, नवा सूट म्हणजे वजनाची नवी चाचणी, हे विसरू नये.

वजने कुठे लावावीत?

कमरेच्या पट्ट्यात किंवा जॅकेटच्या खिशांत. दोन्ही ठिकाणी एका हाताने, एका झटक्यात सुटण्याची सोय हवी. पट्टा बहुधा उजव्या हाताने उघडेल असा बांधतात. डायव्हिंग अपघातांच्या तपासात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे बुडालेल्याच्या अंगावरची वजने तशीच असणे. पृष्ठभागावर तरंगता येत नसेल, तर शिसे टाकून द्यायचे, त्याची किंमत पाहायची नाही. एखाद-दोन किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर लावल्यास शरीर आडवे राहते, पण ती वजने पटकन सुटत नाहीत. म्हणून सगळी तिथे लावू नयेत.

उतरण्यापूर्वी काय तपासावे?

सिलिंडरचा कापडी पट्टा आधी ओला करून मग आवळावा. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात सैल पडू शकतो. सिलिंडर हलवून पाहावा, तो घसरता कामा नये. त्याचा व्हॉल्व्ह डोक्याला लागणार नाही इतक्या उंचीवर हवा. नंतर जॅकेट पूर्ण फुगवून काही मिनिटे ठेवावे आणि हवा गळते का ते पाहावे. बटण अडकत असेल तर ते जॅकेट वापरू नये. अडकलेले बटण हवा भरतच राहते. हवा सोडायचे सगळे मार्ग तपासावेत आणि सोबत्याची वजने कशी सुटतात हे एकमेकांना दाखवावे. डाइव्हनंतर जॅकेट आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन थोडे फुगवलेल्या स्थितीत सावलीत वाळवावे. आत सुकलेले मीठ व्हॉल्व्ह खराब करते.

प्रवाळांशी याचा काय संबंध?

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र त्यात येतो आणि इथे प्रवाळही आहेत. प्रवाळ वाढतात अत्यंत सावकाश, मोडतात मात्र पायातल्या फिनच्या एका फटक्याने. वजन जास्त झालेला डायव्हर तोल सावरण्यासाठी तळावर पाय टेकतो किंवा हाताला येईल ते धरतो. वजन अचूक असेल तर श्वास घेतला की किंचित वर आणि सोडला की किंचित खाली, एवढ्यावर तो प्रवाळांच्या वरून, त्यांना न शिवता जाऊ शकतो.