जुना फोन किती दिवस पुरतो?

तुमच्याही घरात एखाद्या खणात, जुन्या चष्म्यांच्या आणि बंद घड्याळांच्या शेजारी, एखादा जुना फोन पडलेला असेलच. मोडलेला नाही, फुटलेला नाही, काच धड, आवाज धड. तरी "आता ह्याच्यावर काही चालत नाही" म्हणून बाजूला टाकलेला. धडधाकट वस्तू निकामी कशी होते, हे मला कितीतरी दिवस उमगत नव्हतं. उमगलं ते आमच्याच घरात घोटाळा झाला तेव्हा, आणि तो घोटाळा माझ्याच हातून झाला म्हणून आधी तोच सांगते.

आमच्या सासूबाईंचा फोन २०१४ च्या दिवाळीत घेतलेला. अलिबागची खारी हवा सोसून नऊ वर्षं चालला, म्हणजे बघा! मधून मधून चार्जिंगच्या भोकात गंज धरायचा. मग फोन बंद करून कोरड्या मऊ ब्रशाने ते साफ करायचं, की पुन्हा गाडी सुरू. ह्या फोनवर रोज सकाळी सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचा, बडोद्याच्या माईमावशींचा बोलका निरोप यायचा. कधी तब्येतीचं, कधी नातवाचं कौतुक, कधी एखादी पाककृती. माईमावशींच्या हातचं कैरीचं लोणचं आमच्या घरात प्रसिद्ध. पण त्यांनी ते कधी कागदावर लिहून दिलं नाही. सारं तोंडी, तेही तुकड्यातुकड्यांनी. २०२१ च्या एप्रिलमध्ये माईमावशी गेल्या. त्यानंतर सासूबाई दुपारी खिडकीशी बसून ते निरोप पुन्हा पुन्हा ऐकायच्या.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये फोनवर सूचना येऊ लागली, की अमुक तारखेपासून ह्या फोनवर व्हॉट्सॲप चालणार नाही. सासूबाईंनी फोन माझ्यापुढे धरला, "बघ गं, हे काय म्हणतंय?" माझ्यापुढे चाचणी परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा. मी न वाचताच "नंतर" वर बोट दाबलं. एकदा नाही, चांगलं तीन-चारदा दाबलं. आणि एके दिवशी खरंच ते उघडेना. त्यावर मी शहाणपणा असा केला, की ॲप काढून टाकलं. म्हटलं, पुन्हा नवं घेऊ, होईल सुरू. तर पुन्हा घेताना उत्तर आलं, तुमच्या फोनसाठी हे उपलब्ध नाही! घाईघाईने ह्यांचा एक जरा अलीकडचा फोन काढला, त्यात सासूबाईंचं कार्ड घालून सगळं नव्याने सुरू केलं. पाटी कोरी. माईमावशी कुठेच नाहीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

आता ही "अमुक तारीख" येते कुठून? प्रत्येक फोनच्या पोटात एक मूळ प्रणाली असते. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत ती अँड्रॉइड. तिला शाळेतल्या इयत्तेसारखे क्रमांक असतात, चार, पाच, सहा असे चढते. आपण जी ॲप्स वापरतो, ती बनवणारे एक रेघ आखून ठेवतात, की ह्या इयत्तेच्या खालच्या फोनवर आम्ही चालणार नाही. ही रेघ दर काही वर्षांनी वर सरकते. व्हॉट्सॲपने १ नोव्हेंबर २०२१ पासून ४.१ च्या खालच्या अँड्रॉइडला रजा दिली आणि २४ ऑक्टोबर २०२३ पासून पाचच्या खालच्यांना. सासूबाईंचा फोन ४.४ चा. आयफोनवाल्यांनीही हसू नये बरं का. मे २०२५ पासून त्यांनाही निदान १५.१ लागते, म्हणजे २०१४ साली ऐटीत मिरवलेला आयफोन ६ बादच झाला. गूगलचं क्रोमही तसंच: डिसेंबर २०२३ पासून नव्या क्रोमला अँड्रॉइड आठ लागू लागलं, आणि ऑगस्ट २०२५ पासून दहा.

तुम्ही म्हणाल, मग फोनलाच वरच्या इयत्तेत का घालत नाहीत? तिथेच तर मेख आहे. गूगल नवी आवृत्ती काढतं, पण ती जशीच्या तशी आपल्या फोनला लागत नाही. फोनच्या आतली चिप बनवणारा आणि फोनवर नाव घालणारी कंपनी, अशा दोघांनी ती त्या त्या फोनच्या मापाने बेतून द्यावी लागते. एकाच मापाचा ब्लाउज सगळ्यांना होतो का? आणि ही शिलाई फुकट करून द्यायची असते. त्यामुळे स्वस्त फोनच्या बाबतीत कंपन्या लवकर हात आखडता घेतात. ॲपवाल्यांचाही हिशेब सरळ आहे. जुन्या प्रणालीत सुरक्षिततेच्या नव्या सोयी नसतात, आणि थोड्या लोकांसाठी प्रत्येक वेळी जुन्या फोनांवर ॲप चालवून पाहणं त्यांना परवडत नाही.

ह्यावरून मला आईकडची पितळेची पातेली आठवतात. पातेलं कधी फुटत नसे, कल्हई जायची. कल्हईवाला येत होता तोवर पातेलं नवंच. तो यायचा बंद झाला आणि ती सगळी माळ्यावर गेली. फोनला वेळोवेळी येणारी सुरक्षिततेची दुरुस्ती ही अशीच कल्हई. ती यायची थांबली, तरी फोन चालतो, दिसायला पातेलं तेच. पण कल्हई गेलेल्या पातेल्यात आपण ताक ठेवत नाही. तसंच ज्या फोनची ही दुरुस्ती बंद झाली आहे, त्यावर बँकेचा आणि पैसे पाठवण्याचा व्यवहार ठेवू नये. बोलायला, गाणी ऐकायला खुशाल वापरा.

फोन जुना होतो तो केवळ वर्षांनी नाही, हे आपल्या महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी सगळ्यांच्या आधी आणि फार महागात अनुभवलं. २०१९ मध्ये सरकारने एक लाखाहून अधिक सेविकांना कामासाठी फोन दिले. मुलांची वजनं, उंची, आहार, सगळी नोंद त्यावर. दोन जीबी रॅमचे ते फोन तेव्हाच्या ॲपला बरे होते. पण मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं, आणि फोन तापू लागले, अडकू लागले. त्यात ॲप इंग्रजीत! मे २०२१ मध्ये हमीची दोन वर्षं संपली. पुढे दुरुस्ती निघाली की काही हजारांचा खर्च, आणि तो सेविकेच्या माथी. तिचं मानधन ते किती! शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारी कार्यालयांत नेऊन परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नवा मोबाईल ही एक मागणी होतीच. दोन वर्षांच्या फोनला कुणी जुना म्हणेल का? पण त्याच्यावर लादलेलं ओझं नवं होतं.

उलट आमच्या दारी मासळी घेऊन येणारी मावशी. तिच्याकडे बटणांचा साधा फोन, पण त्यावरही व्हॉट्सॲप असायचं. "उद्या पापलेट आण गं" असा निरोप पाठवला की काम झालं. अशा बटणांच्या फोनांची कायओएस नावाची वेगळी प्रणाली असते. तिच्यावरचं व्हॉट्सॲप जून २०२४ मध्ये नव्याने मिळणं थांबलं आणि २०२५ च्या सुरुवातीला पुरतंच आवरलं. मी हळहळले. मावशी म्हणाली, "फोन वाजतंय ना बाय, मंग झालं!" आता आम्ही तिला सरळ फोन करतो, आणि खरं सांगायचं तर भाव करणं बोलून जास्त सोपं जातं.

तेव्हा आधी आपल्या घरातले फोन तपासा. सेटिंग्जमध्ये अगदी खाली "फोनविषयी" असं असतं. तिथे अँड्रॉइडचा क्रमांक दिसेल. आणि तिथेच किंवा सुरक्षिततेच्या सदरात शेवटच्या दुरुस्तीची तारीखही. ती तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर कल्हईवाला यायचा बंद झाला असं समजा.

नवा फोन घेताना आपण कॅमेरा विचारतो, रंग विचारतो. हा किती वर्षं पुरवला जाईल, हे विचारत नाही. दुकानात जरूर विचारा. गूगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचं वचन दिलं आहे. ते महागडे फोन, आपल्या महिन्याच्या हिशेबात बसणारे नव्हेत. पण सॅमसंगच्याच त्यामानाने स्वस्त गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जीला सहा वर्षांचं आहे. मात्र एक ध्यानात ठेवा. ही वर्षं सहसा तो नमुना बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सवलतीत मिळणारा "नवा कोरा" फोन दोन वर्षांपूर्वीचा नमुना असला, तर त्याची दोन वर्षं दुकानाच्या कपाटातच खर्ची पडलेली असतात. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच झाला आहे, की नमुन्याची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं प्रणालीची दुरुस्ती मिळाली पाहिजे. आपल्याकडे असा नियम होईल तेव्हा होवो; तोवर विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि खणातल्या फोनचं काय? बॅटरी फुगलेली असेल, पाठ उचललेली दिसेल, तर तो घरात ठेवू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बाकी धड असेल तर गजराला, विजेरी म्हणून उपयोगी पडतो. ज्यात एफएम असतं त्यात कानाची वायर जोडली, की रेडिओ लागतो, त्याला इंटरनेट लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथेच किनाऱ्याला लागलं, तेव्हा दिवसचे दिवस वीज नव्हती. त्या वेळी असल्या फोनची किंमत कळली.

राहता राहिले माईमावशींचे निरोप. महिनाभराने मी तो जुना फोन बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानातल्या मुलाने वायरने तो संगणकाला जोडला आणि म्हणाला, "मॅडम, ॲप गेलंय, पण फाइली आहेत की." जुन्या फोनांत व्हॉट्सॲपचा एक वेगळा कप्पा असतो, आणि ॲप काढलं तरी तो मागे राहतो! त्यात "व्हॉइस नोट्स" मध्ये शेकडो निरोप. नावं कसली, पीटीटी, पुढे वर्ष-महिना-दिवस असे आकडे, आणि मग डब्ल्यूए. माझे आणि नणंदेचेही त्यातच मिसळलेले. पण तारखा होत्या, हे केवढं! लिहिलेले निरोप मात्र माझ्या घाईपायी गेले ते गेलेच. तुम्ही असं करू नका. सूचना येताच आधी बॅकअप घ्या, वायरने सगळं संगणकावर उतरवा, आणि ते झाल्यावरच नव्या फोनला हात घाला.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि सासूबाई एकेक फाइल ऐकत बसलो. लोणच्याच्या तीन तुकड्यांपैकी तिन्ही सापडले. मोहरी किती फेसायची, मेथी तळायची की भाजायची, तेल गार झाल्याशिवाय ओतायचं नाही, सगळं आहे. मीठ किती ते मात्र माईमावशींनी कुठेच सांगितलेलं नाही. "मीठ तुला माहीतच आहे," एवढंच म्हणून पुढे गेल्या आहेत. सासूबाई म्हणाल्या, "आहेच मुळी माहीत," आणि बरणी पुसायला उठल्या.