आवाज गेला तरी रॅम तपासता येते
आर्णीतल्या माझ्या अंध मित्रांनो, लॅपटॉप सारखा अडकतोय? यवतमाळला दुरुस्तीला नेण्याआधी रॅम घरीच तपासा.

काम सेव्ह करा. विंडोज आणि आर एकत्र दाबा, एम-डी-एस-सी-एच-ई-डी टाइप करून एंटर द्या, रीस्टार्टचा पर्याय निवडा. आता एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर गप्प होईल, कारण ही तपासणी विंडोज सुरू होण्याआधी चालते. पहिल्यांदा मला ही शांतता फार जड गेली. घाबरून मशीन बंद करू नका, पंख्याची घरघर ऐकत थांबा.

आवाज परतला की इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, मग सिस्टम. तिथे ‘मेमरीडायग्नॉस्टिक्स-रिझल्ट्स’ ही नोंद शोधा. निकाल शब्दांत असतो, एनव्हीडीए तो नीट वाचतो.

दोष निघाला, तर आधी फाइल्सची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.