शाळा सुटल्यावर मल्लखांब
शाळा सुटल्यावर पाचवी ते सातवीच्या मुलांनी करायचे काय, या प्रश्नाचे दादरकरांपाशी एक जुने उत्तर आहे : शिवाजी पार्कचे श्री समर्थ व्यायाम मंदिर. २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेले उदय देशपांडे यांनी येथेच मल्लखांबपटू घडविले. पुरलेल्या लाकडी खांबाला एरंडेल चोळतात, म्हणजे घर्षणाने कातडी सोलवटत नाही. दोरीला तर एकही गाठ नसते. सारी मदार पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांतील पकडीवर. अंग हलके आणि लवचीक असते ते याच वयात. पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये शिवाजी पार्कवरच भरली. तरीही आठवी लागली, की पालक संध्याकाळ शिकवणीला देऊन टाकतात. तीही नेमकी अवघड पकडी जमू लागल्या असताना!