कुत्र्याला नव्हे, घराला वळण लावा!

आमचा वाघ्या घरी आला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता. धाकट्याने शाळेच्या वाटेवरून उचलून आणला आणि मी ‘दोनच दिवस हं!’ म्हणत दूधपोळी घातली. वर्षभरात त्याचा घोडा झाला. फाटक वाजलं की उडी, चप्पल दिसली की फडशा! बाजेवर वाळत घातलेल्या मुंगवड्यांचा तर त्याने एका दुपारी पार चट्टामट्टा केला.

मी पडले अर्धवेळ शिक्षिका. ‘बैस’, ‘थांब’ असे धडे सुरू केले. एकटा असला की तो शहाण्यासारखा बसायचा; पण दारात माणूस दिसला की सगळा अभ्यास पाण्यात. मग मीही चिडून एखादी चापट द्यायची.

एका संध्याकाळी शिकवणीला येणाऱ्या चौथीतल्या मुलीवर त्याने अशीच लाडाची उडी घेतली. नखाने दंडावर ओरखडा उठला, रक्त आलं. मी हळद, चुना काही न लावता जखम नळाच्या धारेखाली साबणाने १५ मिनिटं धुतली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. वाघ्याला रेबीजची लस दिलेली होती, तरी डॉक्टरांना दाखवलंच. हा रोग एकदा उमटला की माणूस सहसा वाचत नाही, म्हणून इथे ‘बघू उद्या’ चालत नाही.

मुलीची आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलगी शिकवणीला आली नाही. रात्री हे म्हणाले, “रविवारी याला दूर एखाद्या खेड्यात सोडून येतो.” धाकटा न जेवताच झोपला.

सासूबाई सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, “काहून वं, हा पोरगा रांगत होता तवा त्याले विळीचं ज्ञान शिकवलं होतंस का? विळी उचलून फळीवर ठेवली होतीस ना!”

मैत्रिणींनो, माझे डोळेच उघडले. जनावराला समज येईल तेव्हा येईल. तोवर चूक करायची संधीच त्याला मिळू नये, अशी घराची मांडणी करावी.

पहिलं काम दाराचं. येणाऱ्याने फाटकाबाहेरून हाक द्यायची, वाघ्याला मागच्या अंगणात घालून कडी लावायची आणि मगच फाटक उघडायचं. चपला फळीवर गेल्या. चघळायला त्याला तोंडात पूर्ण मावणार नाही एवढा रबरी चेंडू दिला. शिजवलेली हाडं मात्र बंद केली, कारण त्यांच्या टोकदार काड्या होतात आणि घशात-आतड्यात रुततात. मुंगवड्या गच्चीवर गेल्या, जिन्याचं दार लावलं.

जेवणाची वेळ आणि जागा ठरवली. तो खात असताना मुलांनी जवळ जायचं नाही. कुत्रा गुरगुरला तर मारू नका. ती त्याची सूचना असते. मारून सूचना बंद पाडली, तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावेल. सकाळ-संध्याकाळ साखळीने फिरवून आणलं की निम्मा धुडगूस आपोआप कमी होतो. दिवाळीचे फटाके किंवा लग्नाची वरात असली की आतल्या खोलीत ठेवून रेडिओ लावते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट. चपराळा अभयारण्य आमच्याच चामोर्शी तालुक्यातलं. रानाच्या मुलखात रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात अभ्यासकांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. कुत्र्याच्या ओढीने बिबट्या दारापर्यंत आला, तर धोका पोराबाळांनाही. म्हणून वाघ्या अंधार पडायच्या आत घरात येतो आणि उष्टं-खरकटं अंगणात टाकायचं नाही, हा नियम.

या पद्धतीतही उणं आहेच. एकाने कडी लावायची विसरली की सगळा बंदोबस्त फुकट. म्हणून घरातल्या लहानथोरांना नियम पाठ हवेत. हाक मारल्यावर येणं एवढं तरी शिकवावंच. आणि जो कुत्रा खरोखर चावतो किंवा एकाएकी स्वभाव बदलतो, त्याला फळ्या-कड्यांवर न निभावता पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावं. दरवर्षीची लस तर चुकवूच नये.

तो रविवार आला. ह्यांनी गाडी काढली ती बाजारातून नवी कडी आणायला! मी मुलीच्या घरी गेले, घडल्या गोष्टीची माफी मागितली आणि आमचा नवा बंदोबस्त तिच्या आईला समजावून सांगितला. पंधरा दिवसांनी ती परत आली. आता रोज फाटकाबाहेरून ओरडते, “बाई, कडी लावली का?”

वाघ्याला अजून अक्कल आलेली नाही. आम्हांला मात्र थोडी आली!