जागतिक जोखीम निर्देशांक

जागतिक जोखीम निर्देशांक हा नैसर्गिक आपत्तींच्या जोखमीनुसार देशांचा क्रम लावणारा निर्देशांक आहे. जर्मनीतील मदतसंस्थांची एक आघाडी तो २०११ पासून दरवर्षी प्रसिद्ध करते. भूकंप, चक्रीवादळे, पूर, अवर्षण इत्यादींची झळ किती लोकांना पोहोचू शकते आणि समाज ती सोसण्यास कितपत असमर्थ आहे, या दोन अंकांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे त्या देशाची जोखीम होय. म्हणूनच भूकंपप्रवण असूनही जपान फिलिपिन्सच्या बराच खाली असतो. पूर्वी वानुआतू हे छोटे द्वीपराष्ट्र बहुधा अग्रस्थानी असे. २०२२ मध्ये गणनपद्धती बदलली. बाधित होऊ शकणाऱ्या लोकांच्या प्रमाणासोबत त्यांची प्रत्यक्ष संख्याही धरली जाऊ लागली. फिलिपिन्स पहिला, भारत दुसरा आला आणि वानुआतू बराच खाली गेला. तेथील चक्रीवादळांचा धोका काही त्यामुळे ओसरला नाही. साहजिकच २०२२ पूर्वीचे व नंतरचे मूळ क्रमांक परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत.